राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत: या दिवसांची संगती काय?

नगरची_शेवंती

सणांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की नाताळ कळतो, बाळाचा जन्म आहे, आनंद आहे. पण फेब्रुवारी-मार्चपासून तुमचं जे सुरू होतं, कपाळाला राख, मग चाळीस दिवस उपास, मग झावळ्या, मग मरणाचा दिवस आणि तिसऱ्या दिवशी लगेच आनंद, याची संगती कशी लावायची? तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते फार लांबलं, म्हणून वेगळा धागा काढला. मी नगर जिल्ह्यातल्या मराठी प्रोटेस्टंट घरातली. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. कॅथलिकांच्या रीती थोड्या वेगळ्या आहेत, त्या त्यांनीच सांगाव्यात.

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेनं क्रूस काढतात आणि म्हणतात, माणसा, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. कॅथलिकांत हे सगळीकडे, आमच्यात काहीच चर्चमध्ये. ही राख आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. तिथून ईस्टरपर्यंत खरं तर ४६ दिवस होतात, पण रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून ४०. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

झावळ्यांच्या रविवारी तो गाढवावर बसून यरुशलेमात आला. आमच्याकडे शिंदीच्या झावळ्या आणतात, पोरं त्यांचे क्रूस वळतात, गाणी म्हणत फेरी निघते. इथून पवित्र आठवडा सुरू होतो.

गुरुवारवर मात्र मला थांबायचं आहे. त्या रात्री त्यानं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, भाकर मोडून दिली, पेला दिला. योहानाच्या शुभवर्तमानात (येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार ग्रंथांपैकी एक) त्या जेवणात आणखी एक गोष्ट घडते. तो उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्यांतला पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आपल्याला पेत्राचं पटकन कळतं, कारण आपल्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं असतं. इथे गुरू खाली बसलाय. आमच्या भागात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातली माणसं सर्वांत जास्त. ज्यांनी पाणवठ्याला हात लावला तर गावात भांडण पेटायचं, त्यांनी एका भाकरीतून आणि एका पेल्यातून प्रभुभोजन घेणं किती मोठं होतं, याचा विचार करा. बाप्तिस्मा झाला आणि जात गेली, असं मी म्हणत नाही. सोयरिक ठरवताना ती अजून डोकं वर काढते. म्हणून तर दरवर्षी गुरुवार पुन्हा लागतो.

शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, दुपारी बारा ते तीन उपासना असते. बहुतेक जण पांढऱ्या कपड्यांत येतात. येशू वधस्तंभावरून सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात: पाळक, शिक्षक, एखादी नर्सबाई, कॉलेजातला मुलगा. पहिला उद्गार क्षमेचा आहे, मारणाऱ्यांना क्षमा कर असा. चौथा सर्वांत अवघड, 'एली, एली, लमा सबखथनी', माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? हा बायबलमधल्या २२ व्या स्तोत्राचा आरंभ. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो तोच देवाला विचारतोय की तू मला का सोडलंस. हे वाक्य शुभवर्तमानात ठेवणाऱ्यांनी काहीही लपवलं नाही, आणि माझा विश्वास ज्या वाक्यांवर उभा आहे त्यांतलं हे पहिलं.

शनिवारी काहीच नसतं. कबर बंद आहे.

रविवारी, म्हणजे येशू उठला त्या ईस्टरच्या दिवशी, पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातो. आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशी झाडून, चुना लावून ठेवलेल्या असतात. पाळक म्हणतात, 'प्रभू उठला आहे!' आणि सगळे उत्तर देतात, 'खरोखर उठला आहे!' जिथे आई पुरली आहे तिथे उभं राहून हे म्हणायचं असतं.

आता संगतीचं. लोकांना वाटतं, शुक्रवारी हार झाली आणि रविवारी ती पुसली गेली. तसं नाही. उठलेला येशू शिष्यांना भेटतो तेव्हा हातांवरचे खिळ्यांचे वण तसेच असतात. शंका घेणाऱ्या थोमा नावाच्या शिष्याला तो तेच दाखवतो. नवं, निर्मळ, डाग नसलेलं शरीर देता आलं असतं की! पण जखमा ठेवल्या. माझ्या मते या सगळ्या दिवसांचा अर्थ त्या वणांत आहे. मरणाला वळसा घालून नव्हे, मरणातून जाऊन तो पलीकडे गेला, आणि जे सोसलं ते खोटं ठरलं नाही.

कुतूहल

फार मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. मरणाच्या दिवसाला 'गुड' कसं म्हणता? आणि नाताळ २५ डिसेंबरला पक्का, मग ईस्टर दरवर्षी का हलतो?

नगरची_शेवंती

मराठीत आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो. त्या मरणानं आमचं भलं झालं हा विश्वास आहे म्हणून. पण तो आनंदाचा दिवस नव्हे, त्या दिवशी आम्ही एकमेकांना शुभेच्छा देत नाही. तारखेचं कुणीतरी गणितवाल्यानं सांगा.

गणितवेडा

सांगतो, माझा आवडता विषय.

नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्या, तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर पुढचा रविवार. यातली पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाहीत, १९ वर्षांच्या चक्रावर बसवलेल्या कोष्टकातून घेतात, त्यामुळे खऱ्या पौर्णिमेशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. या हिशोबानं ईस्टर २२ मार्चच्या आधी आणि २५ एप्रिलच्या नंतर येऊच शकत नाही. २२ मार्चला तो १८१८ मध्ये आला होता, आता थेट २२८५ मध्ये. २५ एप्रिलला १९४३ मध्ये आला होता, पुढचा २०३८.

आता पंचांग उघडा. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा म्हणजे आपली चैत्री पौर्णिमा. २०२२ मध्ये हनुमान जयंती १६ एप्रिलला, ईस्टर १७ ला. २०२३ मध्ये ६ एप्रिल आणि ९ एप्रिल. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि पवित्र गुरुवारही नेमका तोच, ईस्टर ५ एप्रिलला. मग २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला, असं कसं? कारण त्या वर्षी होळीची पौर्णिमाच २४-२५ मार्चला पडली, म्हणजे २१ च्या पुढे. चर्चनं ती धरली आणि ईस्टर आपल्या फाल्गुनाला चिकटला. २०२७ मध्ये पुन्हा तसंच: होळी २२ मार्चच्या सुमारास, ईस्टर २८ मार्चला.

म्हणजे गुड फ्रायडेच्या आसपासच्या रात्री कायम मोठा चंद्र असतो. येशूला बागेत पकडलं ती रात्रही चांदण्याची होती, कारण वल्हांडण (पेसाह, यहुद्यांचा म्हणजे ज्यूंचा गुलामीतून सुटकेचा सण) पौर्णिमेलाच येतो.

घाटवाट

गणितवेडा, सुंदर. इतिहासाची बाजू जोडतो. सुरुवातीला आशिया मायनरमधले (आजच्या तुर्कस्तानातले) ख्रिस्ती यहुद्यांच्या निसान महिन्याच्या १४ तारखेलाच हा सण पाळायचे, मग वार कुठलाही असो. रोमवाले म्हणायचे रविवारच हवा. दुसऱ्या शतकाच्या शेवटी हे इतकं चिघळलं की रोमचा बिशप व्हिक्टर आशियातल्या मंडळ्यांना बहिष्कृत करायला निघाला होता. ल्यों शहराचा बिशप इरेनियस यानं त्याला समजावलं की उपासाच्या रीती वेगळ्या असूनही आपली वाडवडील माणसं एकमेकांशी शांततेनं राहिली. ३२५ मध्ये निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच दिवशी पाळायचं. पुढे १५८२ मध्ये पोप ग्रेगरीनं दिनदर्शिका सुधारली, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चांनी ईस्टरसाठी जुनीच ठेवली, आणि तारखा पुन्हा फुटल्या. २०२४ मध्ये त्यांचा ईस्टर ५ मे ला होता. २०२५ मध्ये, निकायाला १७०० वर्षं झाली त्या वर्षी, दोघांचा २० एप्रिललाच आला. २०२६ मध्ये परत आठवड्याचं अंतर.

वसईवाला

शेवंतीताई, गुरुवारचं लिहिलंत ते वाचून गलबललो. कॅथलिक बाजू मी सांगतो.

आमच्याकडे चाळीस दिवसांना प्रायश्चित्तकाळ म्हणतात. दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, येशूच्या मरणाच्या वाटेवरची चौदा स्थानं, प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकून प्रार्थना. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस कडक उपासाचे: १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसानं एकदाच पोटभर जेवायचं, मांस वर्ज्य. लग्नं सहसा या काळात ठेवत नाहीत. वाचवलेले पैसे दानपेटीत जातात.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सामध्ये (भाकर आणि पेल्याच्या उपासनेत) फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमानं पुरुषच लागायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले, त्यांत एक मुसलमान मुलगी होती. मग २०१६ मध्ये नियमच बदलला. आमच्या धर्मग्रामात आता बायकाही बसतात. पहिल्या वर्षी माझ्या आत्याला बसवलं, तेव्हा ती जागेवरून उठायला तयार नव्हती, फादरांना माझे पाय कसे लावू म्हणून. पेत्र जे म्हणाला तेच ती म्हणाली.

मिस्सा झाली की वेदी उघडी करतात, फुलं, कापड, मेणबत्त्या सगळं काढून. शुक्रवारी जगात कुठेही मिस्सा होत नाही. येशूच्या दुःखसहनाचं वाचन होतं, मग क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग लागते, आणि गुरुवारीच पवित्र करून ठेवलेली भाकर देतात.

आणि शनिवारी रात्रीचा पास्काजागर (पास्का म्हणजे ईस्टर)! चर्च पूर्ण अंधारात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्कामेणबत्ती लावतात. तिच्यावर ग्रीक वर्णमालेचं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि त्या वर्षाचा आकडा कोरलेला असतो. ती अंधारात आत नेतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती लागत जाते. मग जगाच्या निर्मितीपासून वाचनं, लाल समुद्र दुभंगला ते वाचन, आणि चाळीस दिवस तोंडातून न काढलेलं 'आलेलुया' तेव्हा पहिल्यांदा गातात. आमच्या आजोबांच्या तरुणपणी हे सगळं लॅटिनमध्ये आणि शनिवारी सकाळी उजेडात व्हायचं. रात्रीचा जागर १९५० च्या दशकात परत आला आणि मराठी त्यानंतर, व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेमुळे (जगभरच्या बिशपांची परिषद). लाल समुद्राचं वाचन आपल्या भाषेत ऐकून म्हातारी माणसं रडली, असं घरात सांगतात.

वसंतातला अजून एक दिवस लोकांना माहीत नसतो: २५ मार्च. देवदूतानं मरियामातेला निरोप दिला तो दिवस, नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी. तो पवित्र आठवड्यात आला तर पुढे ढकलतात. २०२४ मध्ये ८ एप्रिलला पाळला.

मांडवीकाठ

गोव्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. राखेच्या बुधवाराआधी चार दिवस कार्निव्हल (इंत्रुज), ते सगळ्यांना माहीत. पर्यटकांना वाटतं गोव्याचा ख्रिस्ती सण म्हणजे तोच. पण मंगळवारी रात्री नाच थांबतो आणि बुधवारी सकाळी तीच माणसं राख लावायला रांगेत उभी असतात, हे पाहायला कुणी थांबत नाही.

उपासाच्या काळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोंय वेल्हा इथे संतांची मिरवणूक निघते. सेंट आंद्रू चर्चमधून संतांच्या मूर्ती खांद्यावरून फिरवतात, फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांच्या काळापासूनची रीत. गुरुवारी रात्रीपासून चर्चच्या घंटा बंद, त्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. तो कोरडा आवाज लहानपणी ऐकला की छातीत धस्स व्हायचं. शुक्रवारी येशूची मूर्ती क्रुसावरून उतरवतात, पालखीसारख्या चौकटीत निजवतात, मागून दुःखी मातेची मूर्ती, आणि सगळा गाव मुक्यानं चालतो. आमच्या घरी त्या दिवशी पेज आणि लोणचं. रविवारी पास्कांचें फेस्त, म्हणजे ईस्टरचा सण.

मराठीचा आणि या दिवसांचा संबंध जुना आहे बरं का. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या, आणि येशूचं दुःखसहन व पुनरुत्थान त्यात आहे. आमच्या पूर्वजांनी ही कथा ओवीतून ऐकली.

शंकेखोर

धागा माहितीपूर्ण आहे, पण काही प्रश्न टाळता येणार नाहीत. ईस्टर म्हणजे बाबिलोनची देवी इश्तार, तिची चिन्हं ससा आणि अंडं, आणि चर्चनं हा वसंतोत्सव ढापला, असं मी वाचलंय. आणि दुसरं, मेलेला माणूस उठला याला पुरावा काय?

घाटवाट

पहिल्याचं मी सांगतो. इश्तारचा काही संबंध नाही. हा सण ग्रीक आणि लॅटिन जगात पहिल्यापासून 'पास्का', यहुद्यांच्या पेसाहवरून. दुसऱ्या शतकात त्यावरून वाद झाला ते वर लिहिलंच आहे, आणि तेव्हा इंग्रजी नावाची भाषाही नव्हती. आठव्या शतकातला इंग्रज भिक्षू बीड लिहितो की एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला ईओस्त्रे देवीवरून नाव होतं. त्या देवीबद्दलचा जुना लेखी उल्लेख एवढाच. म्हणजे फार तर इंग्रजी आणि जर्मन नाव तिकडून आलं. अंडी का? उपासाच्या काळात युरोपात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या, म्हणून ईस्टरला साठलेली अंडी. सशाचा उल्लेख जर्मनीत सतराव्या शतकात सापडतो. वसंतातच का, याचं उत्तर वल्हांडण हे आहे. येशूला त्या सणाच्या दिवसांत मारलं.

नगरची_शेवंती

@शंकेखोर, दुसऱ्याचं मी. प्रयोगशाळेत दाखवता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि असता तर त्याला विश्वास म्हटलं नसतं. पण हे वाचताना मला काय दिसतं ते सांगते.

रिकामी कबर पहिल्यांदा कुणी पाहिली? बायकांनी. चारही शुभवर्तमानांत मरीया मग्दालीया आहे. त्या समाजात बाईच्या साक्षीला वजन नव्हतं. कथा रचायचीच असती तर पेत्राला पाठवलं असतं. लूक तर स्पष्ट लिहितो की शिष्यांना बायकांचं बोलणं बाष्कळ वाटलं. आणि मार्काचं शुभवर्तमान जुन्यात जुन्या हस्तलिखितांत कुठे संपतं माहीत आहे? बायका भ्याल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, इथे. विजयाची कथा अशी कुणी संपवत नाही. उलट बाजूही सांगते: सर्वांत आधी लिहिलेली साक्षीदारांची यादी पौल या सुरुवातीच्या प्रचारकानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतली, आणि तिच्यात बायकांची नावं नाहीत. म्हणजे त्यांना गाळायचा मोह तेव्हापासून होता. तरी शुभवर्तमानांनी त्यांना ठेवलं. मी याला सिद्धता म्हणत नाही. मला ते खरं वाटतं.

शंकेखोर

पटलं असं म्हणणार नाही. पण नीट उत्तर दिलंत. वाचतोय.

कुलाबकर

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी यहूदी, मूळ अलिबागकडचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे. वर वल्हांडणाचा उल्लेख बऱ्याचदा आला म्हणून लिहितो. पेसाह आमच्याकडे आठ दिवस. घरात खमीर लागलेलं काही ठेवायचं नाही. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटताना कणीक फुगायलाही वेळ नव्हता, त्याची आठवण. शेवटच्या जेवणात येशूनं मोडली ती भाकर म्हणजे आमचीच.

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी. युरोपातल्या यहुद्यांसाठी पवित्र आठवडा हा भीतीचा आठवडा होता. शुक्रवारच्या वाचनात 'यहूदी ओरडले' असं ऐकून लोक बाहेर पडायचे आणि आमच्या वस्त्यांवर यायचे. रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात यहुद्यांची कत्तल १९०३ च्या ईस्टर रविवारी सुरू झाली. कॅथलिकांच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी जो अपमानाचा शब्द होता तो पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये काढला, आणि येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या त्याच दुसऱ्या महासभेनं जाहीर केलं. कोकणात आमच्या पूर्वजांना शेजाऱ्यांकडून असलं काही सोसावं लागलं नाही. गोव्यात मात्र १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं, आणि त्याच्या पहिल्या बळींत पोर्तुगालहून आलेले, गुपचूप धर्म पाळणारे यहूदी होते.

नगरची_शेवंती

हे लिहिलंत याबद्दल आभार. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बारा शिष्य यहूदी, कबरीवर गेलेल्या बायका यहूदी. वधस्तंभ ही रोमी शिक्षा, हुकूम पिलात या रोमी सुभेदाराचा. आमच्या उपदेशात अजूनही 'यहुद्यांनी मारलं' असं सहज बोललं जातं. मी शुक्रवारी बोलायला उभी राहते तेव्हा हे मुद्दाम सांगते, कारण पहिला उद्गारच क्षमेचा आहे, आणि त्या दिवशी कुणाबद्दल द्वेष घेऊन बाहेर पडलो तर तीन तास फुकट गेले.

वसईवाला

+१. आमच्या फादरांनाही हे वाचायला देणार आहे.

राइनतीर

जर्मनीतून. इथे गुड फ्रायडेला सुट्टी, आणि बऱ्याच राज्यांत त्या दिवशी सार्वजनिक नाच-गाण्यावर कायद्यानं बंदी. शनिवारी रात्री गावागावांत मोठी ईस्टरची होळी पेटते, सोमवारी पुन्हा सुट्टी. माझी शेजारीण ग्रीक आहे, तिच्याबरोबर त्यांच्या चर्चमध्ये मध्यरात्री गेले होते. 'ख्रिस्तोस आनेस्ती' (ख्रिस्त उठला आहे) म्हणून सगळे एकदम ओरडतात, आणि घरी येऊन लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडतात. इथे त्या आठवड्यात झाडांना पालवी फुटते, त्यामुळे मरण आणि जीवन डोळ्यांसमोरच असतं. पण नगरला एप्रिलमध्ये चाळीस अंश! तिथे पुनरुत्थान आणि वसंत जुळतात का?

नगरची_शेवंती

छान प्रश्न. युरोपातली चित्रं पाहून आमच्या संडे स्कूलमध्येही पोरं ट्युलिप काढतात, ते मला आवडत नाही. आमचा ईस्टर उन्हातला आहे. रबीची ज्वारी निघालेली, शेत उघडं, पळस फुलून गेलेला, कडुलिंबाला मोहर. पाण्याची ओढ. शुक्रवारी पाचवा उद्गार येतो, 'मला तहान लागली आहे', तेव्हा पत्र्याखाली बसलेल्या दोनशे माणसांना त्यावर वेगळा उपदेश लागत नाही.

येशू म्हणाला होता की गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. आमच्याकडे पेरणीला अजून दोन महिने असतात. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, पवित्र आत्मा उतरला तो दिवस, आणि तो बहुतेक मे अखेरीला नाहीतर जूनच्या तोंडावर येतो, मृगाच्या अलीकडे. शेतकरी आभाळाकडे बघत असतात. माझे वडील म्हणायचे, आपला खरा वसंत पेंटेकॉस्टला. त्या दिवसाला कुणी शुभेच्छा देत नाही, पण आमच्या मंडळीत तो मोठा दिवस आहे.

ओंजळ

इथे सहसा लिहीत नाही. माझा भाऊ गेला तेव्हा दुसऱ्या दिवसापासून लोक सांगायला लागले, तो चांगल्या ठिकाणी आहे, देवाची इच्छा, आता सावर. मी ख्रिस्ती नाही. शेवंतीताई, तुम्ही शनिवारबद्दल एकच ओळ लिहिलीत, कबर बंद आहे. ती पुन्हा पुन्हा वाचली. तुमच्यात त्या दिवशी खरंच काही करत नाहीत? कुणी समजावत नाही?

नगरची_शेवंती

बाई, नाही करत. त्या दिवसासाठी शुभवर्तमानांतही फारसं काही लिहिलेलं नाही. लूक एवढंच सांगतो की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि मग शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी स्वस्थ राहिल्या. शिष्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. उद्या काय होणार आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे म्हणून आपण घाई करतो. माझी आई गेली त्या वर्षी आमच्या पाळकांच्या बायको शनिवारी घरी आल्या, माझ्याबरोबर मेथी निवडली आणि गेल्या. एकही वचन सांगितलं नाही. तुम्हाला सावरायची घाई नाही. शनिवार लागेल तेवढा लांब असू शकतो.

घाटवाट

ओंजळ, पूर्वेकडच्या चर्चांत पुनरुत्थानाचं जे चित्र काढतात त्यात येशूची रिकामी कबर आणि पहाट नसते. येशू मृतांच्या लोकात उतरलाय, पायाखाली मोडलेली दारं आहेत, आणि त्यानं आदाम आणि हव्वा यांना ओढून बाहेर काढलंय. हातात हात घेऊन नव्हे, मनगट धरून, कारण त्यांच्यात धरायचीही ताकद नाही. इस्तंबूलच्या कोरा चर्चमध्ये (आता तिथे मशीद आहे) चौदाव्या शतकातलं हे भित्तिचित्र आहे. जमलं तर पाहा.

ओंजळ

पाहिलं. आभार दोघांचेही.

कुतूहल

शेवटचा प्रश्न. ख्रिस्ती नसलेल्या माणसानं शुक्रवारी आलं तर चालतं का? काय करायचं, काय नाही? आणि शुभेच्छा कधी द्यायच्या?

वसईवाला

अवश्य या. कपडे साधे. सगळे उभे राहतात तेव्हा उभे राहा, गुडघे टेकायची सक्ती नाही. क्रुसाचं चुंबन मनात असेल तर घ्या, नाहीतर नमस्कार करा किंवा जागेवर बसा. पवित्र भाकर मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, तेव्हा त्या रांगेत जाऊ नका. फोटो काढू नका. आमच्याकडे विधी साधारण तीनच्या पुढे असतो, त्या त्या चर्चमध्ये वेळ विचारून घ्या.

नगरची_शेवंती

आमच्याकडेही या. तीन तास बसवलं नाही तर दोन उद्गारांच्या मध्ये गाणं असतं, तेव्हा उठून गेलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. शुक्रवारी शुभेच्छा नकोत, नुसतं भेटलात तरी पुरे. रविवारी सकाळपासून 'ईस्टरच्या शुभेच्छा' म्हणा. आणि साडेअकराच्या आतच या, पंख्याखालची बाकं लवकर भरतात.